दिवसाला एक मिलिमीटर

आजारपणात भेटायला आलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी मला युवराज सिंगची गोष्ट सांगितली. 2011 चा विश्वचषक गाजवला, मग कॅन्सर निघाला, अमेरिकेत केमो घेतली आणि 2012 च्या सप्टेंबरात पठ्ठ्या पुन्हा भारताकडून मैदानात! गोष्ट खरी आहे आणि मोठीही. पण तेव्हा मला वरणभाताचा चमचा तोंडापर्यंत नेता येत नव्हता. युवराजचं काय करायचं ते मला कळेना.

2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोमचे, रुग्ण एकामागोमाग निघू लागले. आकडा दोनशेच्या वर गेला. त्यांत मीही होते. आधी जुलाब झाले, ते थांबले म्हणून निर्धास्त झाले, आणि मग तळपायांना मुंग्या. दोन दिवसांत जिना चढवेना. पोटातल्या जंतूवर तुटून पडलेली प्रतिकारशक्ती या आजारात आपल्याच नसांवर उलटते. वायरीवरचं प्लास्टिक उंदरांनी कुरतडावं तसं नसेवरचं आवरण जातं आणि मेंदूचा हुकूम पायापर्यंत पोचत नाही. यावर इम्युनोग्लोब्युलिन देतात किंवा प्लाझ्मा बदलतात. दोन्ही उपचार नुकसान आटोक्यात ठेवतात. झालेलं नुकसान भरून काढायचं काम मात्र शरीराचं, आणि शरीर त्याच्या सवडीने करतं.

हा आजार बहुधा पायांतून वर चढतो आणि उतरताना उलट्या वाटेने उतरतो. माझे खांदे आधी आले, मग कोपरं, मग बोटं. पावलं सगळ्यात शेवटी. साडीच्या निऱ्या सोडाच, गाऊनचं बटण लावणं हा सकाळचा मोठा कार्यक्रम होता. फिजिओथेरपिस्ट मुलगी माझ्या भाचीच्या वयाची, पण शिस्तीला कडक. तिने पहिल्याच दिवशी बजावलं, ‘काकू, आज दहा पावलं जमली म्हणून उद्या वीस टाकायची नाहीत. दमायच्या आधी थांबायचं.’ मला वाटायचं, जिद्द म्हणजे दात-ओठ खाऊन एकविसावं पाऊल टाकणं. पण नुकत्याच सावरणाऱ्या स्नायूंवर जास्त ताण दिला तर ते उलट मागे जातात. म्हणून दहाव्या पावलाला खुर्चीत बसायचं आणि उद्या पुन्हा दहाच टाकायची. ‘प्रगती नाही’ असा आठवडा गेला तरी सोमवारी उठून तेच करायचं. या कंटाळवाण्या कामाला कुणी टाळ्या वाजवत नाही, त्यामुळे त्याच्या गोष्टीही होत नाहीत.

एका वाक्याचा मला खरोखर राग येतो. ‘सगळं मनावर असतं हो!’ माझ्या शेजारच्या खाटेवर कॉलेजात शिकणारा एक मुलगा होता. माझ्यापेक्षा शंभरपट खंबीर. मी रडायचे आणि तो नर्सची थट्टा करायचा. मी वॉकर घेऊन घरी आले तेव्हा त्याला उठून बसताही येत नव्हतं. माझ्या नसांचं नुसतं आवरण गेलं होतं, ते काही आठवड्यांत-महिन्यांत पुन्हा चढतं. त्याच्या नसांचा आतला तंतूच तुटला होता. तो पुन्हा वाढतो, पण दिवसाला साधारण एक मिलिमीटर. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत चाळीस सेंटिमीटर धरा आणि हिशोब करा, वर्षाच्या वर जातो. त्या पोराला कोणी मनाची ताकद शिकवावी? मन महत्त्वाचं नाही असं मी म्हणत नाही. व्यायामाला रोज हजर राहायला मनच लागतं. पण बरं व्हायला वेळ लागतोय म्हणजे रोगी कमी पडतोय, हा आरोप त्या वाक्यात लपलेला असतो, आणि तो आजारी माणसाला बरोबर ऐकू येतो.

मला धीर आला तो हा हिशोब समजल्यावर. बहुतेक रुग्ण सहा महिन्यांत आधाराशिवाय चालू लागतात, असं न्यूरॉलॉजिस्टने सांगितलं. बहुतेक म्हणजे सगळे नव्हेत, हेही त्यांनी लपवलं नाही. थकवा पुढे बरेच दिवस राहील हेही सांगितलं. खोट्या ‘काही होत नाही’पेक्षा ते मला जास्त पेललं.

‘कॅच-22’ लिहिणाऱ्या जोसेफ हेलरला 1981 मध्ये हाच आजार झाला. 1986 मध्ये त्यावर ‘नो लाफिंग मॅटर’ हे पुस्तक आलं, पण एकट्या हेलरचं नव्हे. स्पीड व्होगेल हा त्याचा मित्र सहलेखक. हेलर अंथरुणावर असताना व्होगेल त्याचं घर, पत्रं, पैशांचे व्यवहार सांभाळत होता. (हेलरने पुढे आपल्या नर्सशी लग्न केलं, तो भाग आमच्या ह्यांना मी मुद्दाम वाचून दाखवला.) आजारातून उठलेल्या माणसाच्या पुस्तकावर मित्राचंही नाव असावं, हे मला फार योग्य वाटतं. आमच्याकडे व्होगेलचं काम तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी केलं. त्यांनी मला एकही प्रेरणादायी गोष्ट सांगितली नाही. मेडिक्लेमचे कागद लावले, आणि दुपारी मी व्यायाम करताना समोर बसून भाजी निवडली.

मी आता चालते. पावलांना संध्याकाळी अजून मुंग्या येतात. तुमच्या ओळखीत असं कुणी सावरत असेल तर जरूर भेटायला जा. युवराजला घरी ठेवा. फिजिओला कोणत्या दिवशी, किती वाजता जायचं असतं ते विचारा, आणि त्या वेळेला रिक्षा घेऊन दारात हजर व्हा.