तबकडी तशीच राहू द्या

आमच्या ति. बाबांच्या मनगटी घड्याळाने सध्या घरात दोन तट पाडले आहेत. घड्याळ एच. एम. टी.चे, 'जनता'. सतरा माणकांचे, रोज चावी मागणारे. 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला जो कारखाना निघाला, त्याचे हे अपत्य. तबकडी पिवळी पडली आहे नि चाराच्या जागी घामाचा डाग आहे.

दादा म्हणतात, ते अगदी नव्यासारखे करून चिरंजीवांच्या हातावर लग्नात बांधावे. वहिनी म्हणतात, "मामंजींची वस्तू! हात लावू नका, कपाटात ठेवा." निवाडा माझ्याकडे आला, म्हणून मी ते क्रांती चौकाजवळच्या एका घड्याळजींकडे नेले.

त्यांनी मागचे झाकण उघडून मला भिंगातून दाखविले. आतल्या अंगाला सुईने कोरलेल्या बारीक तारखा! दुरुस्ती करणारे कारागीर अशी खूण ठेवतात. शेवटची 1991ची. म्हणजे त्यानंतर तेल पडलेच नसावे. कपाटात ठेवले तरी तेल घट्ट व्हायचे थांबत नाही, आणि तशा घड्याळाला चावी देऊन चालविले की आस झिजतात. वहिनींची बाजू तिथेच लंगडी पडली.

पण दादांची तर त्याहून! वाचकहो, मुंबईत जुन्या एच. एम. टी.च्या तबकड्या भडक निळ्या-लाल रंगवून घड्याळे परदेशी विकली जातात. तिकडचे शौकीन त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते काही कौतुकाने नव्हे. 'जनता' ही देवनागरी अक्षरे एकदा खरवडली की गेली; नवी कितीही सुबक छापली, तरी बाबांनी रोज पाहिलेली ती नव्हेत. पॉलिशचेही तेच. कडा झिजतात, त्या परत येत नाहीत.

तेव्हा ठरविले ते असे : यंत्र साफ करून तेल द्यायचे, थकलेली कमान बदलायची, ओरखडलेली काच नवी घालायची. तबकडी नि काटे जसेच्या तसे. कमानीसाठी मात्र शोधाशोध आहे. एच. एम. टी. वॉचेस बंद करण्याचा निर्णय सरकारने 2016 साली घेतला. आता सुटे भाग बहुधा दुसऱ्या जुन्या घड्याळातूनच काढावे लागतात.

"डाग तसाच? व्याही काय म्हणतील?" दादांनी विचारले.

"मामंजींच्या घामाचा आहे म्हणून सांगा," वहिनी म्हणाल्या.

दादा अजून गप्पच आहेत. घड्याळजींनी पंधरा दिवस मागितले आहेत, आणि मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतरचा आहे.