भाडं घेतलं झिजेचं, मग दंड कशाचा?

गेल्या आठवड्यात तीन वर्षं वापरलेली लीजची गाडी परत केली. गाडी गेल्याचं दुःख नाही. डिपॉझिटमधून ३४ हजार कापले, त्याचं आहे. आणि पैशांपेक्षाही जास्त, ते ज्या पद्धतीनं कापले त्याचं आहे.

गाडी मिळाली तो दिवस आठवतो. हार, पेढे, फोटो, ‘सर, इथे सही, इथे पण सही’. दहा मिनिटांत मोकळे. परत न्यायला आलेला माणूस मात्र टॉर्च आणि टायरची नक्षी मोजायचं यंत्र घेऊन आला. पाऊण तास तो गाडीभोवती फिरत होता. दारावरचा नखाएवढा ओरखडा, रिमची घासण, बंपरखालचे चरे, सगळ्याचे फोटो. चार दिवसांनी ईमेलवर नुसता आकडा. कुठल्या ओरखड्याचे किती, कुठल्या गॅरेजचं बिल, काही नाही.

एक सांगतो, मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. बंपरचा डावा कोपरा मी सोसायटीच्या खांबाला ठोकला होता. ते पैसे माझ्याकडूनच घ्या, तक्रार नाही. पण बंपरखालचे चरे? स्पीडब्रेकर १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, असं इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक आहे. पुण्यातल्या गल्लीत तसा एक तरी सापडला तर मला दाखवा. इथे तीन वर्षं गाडी चालवली की खालून घासणारच. ती वापरातली झीज आहे. आणि त्या झिजेचेच तर पैसे दर महिन्याला भाड्यात घेतलेत ना? एकाच ओरखड्याचे दोनदा पैसे घ्यायचे, याला काय म्हणायचं?

‘करार वाचायचा होता’ म्हणणारे आत्ता येतील. वाचला होता हो! त्यात ‘सर्वसाधारण झीज वगळून’ एवढंच लिहिलंय. सर्वसाधारण म्हणजे किती, ते ठरवणार कोण? पैसे कापणाराच. ब्रिटनमध्ये लीज कंपन्यांच्या संघटनेनं याची लेखी मोजमापं छापली आहेत. २५ मिलिमीटरपर्यंतचा ओरखडा, आतला प्रायमर किंवा पत्रा दिसत नसेल तर, चालतो. ती मोजमापंही कंपन्यांनीच ठरवलेली, पण निदान ग्राहकाला आधी कळतात. आपल्याकडे अशी पट्टी करारालाच जोडायला काय हरकत आहे?

ज्यांची गाडी परत द्यायची वेळ आलीय, त्यांनी माझ्याकडून शिका:

१. दोन महिने आधी स्वतः तपासा. इन्शुरन्समध्ये बसणारं काम लीज चालू असतानाच, कंपनीला कळवून करून घ्या. कोपऱ्यावरच्या गॅरेजात स्वस्तात रंग मारू नका. रंगाची छटा जुळली नाही तर त्याचेही पैसे लागतात.

२. दुसरी किल्ली, स्टेपनी, जॅक, सर्व्हिसची बिलं, चालू पीयूसी हे सगळं एका जागी ठेवा. हरवलेल्या किल्लीची किंमत ऐकून घाम फुटतो.

३. ई-चलान भरून टाका. आरसीवर नाव कंपनीचं असतं, त्यामुळे राहिलेलं चलान आधी तिकडे जातं आणि मग तुमच्याकडे येतं.

४. फास्टॅग तुमच्या खात्यावर असेल तर बँकेला सांगून बंद करा. नाहीतर पुढच्या माणसाचा टोल तुमच्या खिशातून जाईल. गाडीच्या स्क्रीनमधले फोन नंबर आणि घराचा पत्ताही पुसा.

५. गाडी धुऊन, दिवसाउजेडी, बेसमेंटबाहेर तपासणी करायला लावा. किलोमीटरच्या आकड्यासकट व्हिडिओ काढा. तपासणीच्या कागदाची प्रत मिळाल्याशिवाय किल्ली देऊ नका. पटत नसेल ते सहीच्या वरच लिहा.

मी पाचवं केलं नाही. म्हणून आज ही पोस्ट लिहितोय.

आणि पैसे कापले तर गप्प बसू नका. भारतीय करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला, तरी वाजवी भरपाईच मिळते, आणि तीही त्या आकड्याच्या आतच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये नुकसानीच्या मानानं अवाच्या सवा दंड लावणारा करार ‘अनुचित करार’ ठरतो. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. मी आधी ओरखडावार हिशोब आणि दुरुस्तीची बिलं लेखी मागितली आहेत. मग तिथे तक्रार करणार.

माझी मागणी फार मोठी नाही. मोजपट्टी सही घेण्याआधी दाखवा. तपासणी दोघांसमोर करा. आणि पैसे बिल दाखवून कापा. घरमालक भिंतीवरच्या खिळ्याच्या भोकासाठी डिपॉझिट अडवतो तेव्हा आपण भांडतो. मग इथे समोर एसी ऑफिस आणि इंग्रजी ईमेल आहे म्हणून मान खाली का घालायची?