गुहेतील चिखलाचे मोल

चुनखडीच्या गुहेत शिरणाऱ्या प्रवाशाची दृष्टी प्रथम छताकडे वळते. तेथून लोंबणारी चुन्याची शुभ्र झुंबरे पाहून तो थक्क होतो. पायाखालच्या वाळूचिखलाकडे मात्र तो ढुंकूनही पाहत नाही. वस्तुतः पर्वताची बखर त्या चिखलातच लिहिलेली असते.

पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड वायू शोषून किंचित आम्ल बनते आणि चुनखडी विरघळवीत भेगांतून खाली उतरते. दरीतील नदीच्या पातळीजवळ ते आडवे वाहू लागते व तेथे बोगदे कोरले जातात. नदीने दरी आणखी खोल केली, की हे पाणीही खाली जाते. वरचा बोगदा कोरडा पडतो आणि त्याखाली नवा तयार होतो. म्हणूनच अशा पर्वतात वरची गुहा सामान्यतः जुनी आणि खालची नवी असते.

कोरड्या गुहेत मागे राहिलेल्या गारगोट्या तिचे वय सांगतात. भूपृष्ठावर असताना विश्वकिरणांच्या माऱ्याने त्यांच्यात ॲल्युमिनियम व बेरिलियम यांचे किरणोत्सर्गी अणू निर्माण होतात. खोल गुहेत ही निर्मिती जवळजवळ थांबते. मग ॲल्युमिनियमचे हे अणू बेरिलियमच्या अणूंपेक्षा लवकर घटत जातात. उरलेल्या अणूंचे प्रमाण मोजले, म्हणजे गारगोटी अंधारात केव्हा आली ते कळते.

स्वित्झर्लंडमध्ये थून सरोवराजवळच्या झीबेनहेंग्स्ट गुहांत शास्त्रज्ञांनी असेच मापन केले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनानुसार, तेथील दरी पूर्वी १० लाख वर्षांत सुमारे १२० मीटर खोल होत असे. सुमारे ८ लाख वर्षांपूर्वीपासून हिमनद्यांमुळे तो वेग जवळजवळ दसपट झाला. ज्या हिमनद्यांनी दरीतील जुन्या खुणा खरवडून नेल्या, त्यांचाच हिशेब गुहांनी जपून ठेवला!

कोणी म्हणेल, चुनखडीवाचून सिमेंट नाही आणि सिमेंटवाचून घरे व धरणे नाहीत. हे खरे आहे. परंतु खाण सुरू करण्यापूर्वी डोंगरातील गुहा तपासून पाहणे काही अशक्य नाही. जुना ताम्रपट न वाचताच वितळवणाऱ्यास लोक अडाणी म्हणतात. मग न अभ्यासलेली गुहा सुरुंगाने उडवणारा शहाणा कसा ठरेल? गुहा पाहावयास जाणाऱ्यांनीही आखलेली वाट सोडून गाळ तुडवू नये. मोडलेले झुंबर हजारो वर्षांनी कदाचित पुन्हा वाढेल. विस्कटलेल्या गाळाचे थर मात्र पूर्वीच्या क्रमाने पुन्हा कधीच लागणार नाहीत.