फवारणीआधी फटी बुजवा
शाळेत झुरळं दिसली की फवारणी होते. त्याच फरशीवर आपली मुलं बसतात, खिचडी खातात. वजनाच्या मानाने मुलं मोठ्यांपेक्षा जास्त श्वास घेतात, हात तोंडात घालतात. म्हणून विष त्यांना जास्त बाधतं. २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक पोटात गेलं आणि २३ मुलं दगावली. शाळेत विषाचा साठा नकोच.

अन्न, पाणी, आडोसा मिळाला नाही तर झुरळ टिकत नाही. फटी सिमेंटने बुजवा, कचरा रोज उचला, गळका नळ दुरुस्त करा, धान्य घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. तरीही झुरळं उरली, तर मुलांचा हात पोचणार नाही तिथे जेलचे ठिपके लावा.

कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. भगिनींनो, पुढच्या बैठकीत हा विषय मांडाच!