विद्येचं झाड आणि सुरूची लबाडी

तुमच्या वहीत विद्येचं पान आहे ना? चपटं, जाळीदार, हिरवंगार. ते ठेवलं की अभ्यास छान होतो म्हणे. (होतो का, ते तुमच्या प्रगतिपुस्तकाला विचारा!) ही विद्या म्हणजे मोरपंखी, हिमालयातल्या चीड-देवदारांची लांबची बहीण. या झाडांना खरी फुलं-फळं येत नाहीत. बिया उघड्याच, शंकूच्या खवल्यांवर वाढतात. म्हणून ही शंकुधारी झाडं.

चारठाण्याच्या रानात ती आपणहून उगवत नाहीत. कोणी अंगणात लावली तरच दिसायची. ओळखायला पानं पाहा. चीडच्या लांब सुया तीन-तीनच्या जुडीत असतात, देवदाराच्या आखूड सुया झुपक्यात. मोरपंखीला सुयांऐवजी बारीक खवले. तिच्या कोवळ्या निळसर शंकूला वाकडी शिंगंही असतात! कुंडीतल्या 'ख्रिसमस ट्री'च्या फांद्या मजल्यामजल्यांनी फुटतात. १७७४ साली कॅप्टन कुकने प्रशांत महासागरातल्या नॉरफोक बेटावर अशी झाडं पाहिली, तेव्हा जहाजाच्या डोलकाठीला ती चालतील असं त्याला वाटलं. एवढी उंच! म्हणून विजेच्या तारेखाली हे रोप जमिनीत लावू नका.

आणि समुद्रकाठचा सुरू? सुया आहेत, शंकूही आहेत, पण तो यांच्यातला नव्हे! त्याची 'सुई' दोन्ही टोकांना धरून हळूच ओढा. सांध्यावर सुटते. ती आहे हिरवी काडी. खरी पानं म्हणजे सांध्यावरचे इवलाले दात, भिंगातून दिसतील. सुरूला चक्क फुलं येतात.

घरी लावायला मोरपंखी शोभेची आहे, एक असू द्या. पण सावली हवी तर मी कडुनिंबच म्हणेन. मराठवाड्याचं ऊन तो सोसतो. भिंतीपासून मात्र दहा-पंधरा फूट दूर.

मे महिन्यात दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा खणून तापू द्या. पहिला चांगला पाऊस झाला की माती आणि कुजलेलं शेणखत भरा. जमीन काळी असेल तर थोडा मुरूमही मिसळा, नाहीतर पाणी साचून मुळं कुजतात. पिशवी ब्लेडने कापताना आजीला किंवा बाबांना हाक मारा. मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटता कामा नये. रोपाला काठीचा आधार द्या आणि भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण करा. शेळीला तुमच्या आधी कळतं, रोप कुठे लावलंय ते!