फ्लेक्सवरचे मामा

शेजारच्या काकूंनी मंगळवारी रात्री दहाला एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "भाऊ, यात काही गफलत नाही ना?" काकू दोन वर्षांपूर्वी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्या. मेसेजात लिहिलं होतं की मॉडेल व्हायला वय आडवं येत नाही. पस्तीस ते पासष्ट वयाच्या महिलांसाठी नांदेडात दोन दिवसांचं शिबिर, रॅम्पवर चालायचं प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि मुंबईत 'संधी'. नोंदणी साडेसात हजार. पोर्टफोलिओचे पैसे वेगळे.

मी उठसूट क्लासवाल्या लातूर पॅटर्नवर घसरतो, अशी ज्यांची तक्रार आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. मला मेसेज वाचून आधी तेच आठवलं. आपल्याकडे कशाचाही पहिल्यांदा क्लास निघतो. धंदा मागून आला तर आला. लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या बाबानगरात सतरा-अठरा वर्षांच्या लेकरांचे चेहरे फ्लेक्सवर झळकतात, आणि त्याआधी आईबापांनी फी भरलेली असते. लेकरांचे चेहरे झाले, आता आयांचे. फी आहेच. एका मेसेजवरून एवढं बोलू नये हे कळतं, तरी बोलतो.

वयापुरता मेसेज खरा आहे. मिस युनिव्हर्सवाल्यांनी २०२४ पासून वयाची वरची अट काढून टाकली. त्याच वर्षी अर्जेंटिनात ६० वर्षांच्या आलेहांद्रा रोद्रिगेज या वकीलबाई ब्युनोस आयर्स प्रांताच्या सुंदरी झाल्या. कोरियात ८० वर्षांच्या चोई सून-ह्वा अंतिम फेरीत चालल्या. या बाई दवाखान्यात रुग्णांची सेवा करायच्या. तुम्ही मॉडेल का होत नाही, असं एका रुग्णानंच त्यांना विचारलं, आणि सत्तरीनंतर त्यांनी सुरुवात केली. (आयपीएलमधल्या व्होडाफोनच्या जाहिरातीत गोव्यात हिंडणारे आजी-आजोबा यात धरू नका. ते भरतनाट्यमचे नामवंत धनंजयन दांपत्य. आयुष्यभर रंगमंचावर उभं राहिलेल्याला उतारवयात सुरुवात केली असं म्हणत नाहीत.)

मेसेज खोटा पडतो तो पैशाच्या वाटेवर. या धंद्यात पैसा जाहिरात करणाऱ्याकडून मॉडेलकडे येतो आणि एजन्सी त्यातून आपलं कमिशन कापून घेते. काम लागायच्या आधीच मॉडेलच्या पर्समधून पैसा निघाला की तिथं मॉडेल गिऱ्हाईक झाली. दुसरं असं, की खरी किंमत नुसत्या फोटो काढण्याची नसते, तो वापरण्याची असते. होर्डिंगवर किती महिने, पेपरात किती वेळा, टीव्हीवर की फक्त मोबाइलवर, सगळं आधी लिहून घेतात. मुदत संपली की पुन्हा पैसे मोजायचे, नाही तर फोटो उतरवायचा.

हा हिशोब आता आमच्या मामांना लावून बघा.

मामा औसा तालुक्यातले, वय बासष्ट. पाच वर्षांपूर्वी भाद्रपदात सोयाबीन शेंगांनी लदबदलेलं असताना एका बियाणे कंपनीची शिवार फेरी त्यांच्या रानात आली. मामींनी धुतलेली टोपी काढून दिली होती, पण कंपनीच्या पोरानं जीपमधून फेटा काढला आणि मामांच्या डोक्यावर ठेवला. एका हातात शेंगांचं झाड उपटून धरा, दुसरा हात कमरेवर, जरा हसा. मामा हसले. शेताशेतात जाऊन तोच फेटा बसवत असणार, कारण औशाच्या पोस्टरवर आणि मुखेडच्या पोस्टरवर डोकी वेगळी आहेत आणि फेट्याचा तुरा एकच. फोटोखाली नाव, गाव, मोबाइल नंबर आणि 'एकरी १८ क्विंटल'. त्या साली मामांना उतारा अकराचा होता. उरलेले सात फेट्याचे असावेत.

तो फ्लेक्स कृषी सेवा केंद्रांतून पाच पावसाळे लटकतोय. मधे कंपनीनं वाण बदलला, नवं नाव चिकटवलं, मामा तेच ठेवले. गंमत अशी की यंदा मामांनी स्वतः परभणी विद्यापीठाचं एमएयूएस ७१ पेरलंय. मोबदला काय मिळाला? शाल, श्रीफळ, एक छत्री आणि पुढच्या साली बियाण्याची एक बॅग, तीसुद्धा दुकानदारानं दोन चकरा मारायला लावून दिली. आणि मृगापासून फोन सुरू. कुठून कुठून विचारतात, मामा, किती बॅगा लागल्या, खत कोणतं टाकलं, पिवळं पडलं तर काय करू. मामा प्रत्येकाला सांगतात. मुंबईच्या मॉडेलला एवढं तरी बरं असतं, कॅमेरा बंद झाला की घरी जाता येतं.

याच्या उलट गोष्ट बघायची तर धर्माबादवरून पुढं चला. बासर लागतं, गोदावरी ओलांडली की पुढं निजामाबाद, त्याच्या पलीकडं जगतियाल जिल्हा. तिथल्या लंबाडीपल्ली गावच्या गंगव्वा. शेतात मजुरी केली, विड्या वळल्या. पन्नाशीनंतर श्रीकांत श्रीराम यांच्या 'माय व्हिलेज शो'मध्ये यूट्यूबवर आल्या; ना मेकअप, ना ठेवणीतली भाषा, बोलतात ती जगतियालची तेलुगू. सिनेमात दिसल्या, २०२० मध्ये तेलुगू 'बिग बॉस'च्या चौथ्या पर्वात गेल्या, तब्येत बिघडली म्हणून मधेच बाहेर पडल्या, आणि पुढं नवं घर बांधलं.

गंगव्वांची आणि मामांची उन्हानं रापलेली कातडी सारखीच. निजामाच्या राज्यात दोन्हीकडचे आजे एकाच सरकारला सारा भरत होते. फरक पडला तो इतकाच, की गंगव्वांच्या चेहऱ्याकडं बघून पलीकडच्या पोरांना हे काम आहे असं वाटलं. आपल्याकडच्या पोरांना तो सत्कार वाटतो. सत्काराला कोण बिल लावतं? शाल एकदा अंगावर पडली की 'पैशाचं काय' हे विचारणारा माणूस हावरा ठरतो. मराठवाड्यात फुकट काम करून घ्यायला शालीएवढी स्वस्त वस्तू मी पाहिलेली नाही. आणि यात साहित्य संमेलनंही धरा, मीही दोन-तीन घरी आणल्यात.

काकूंना मी सांगितलं, त्यांना उलट विचारा: काम लागलं तर मला किती देणार, आणि फोटो किती दिवस वापरणार? काकूंनी शिक्षिकेला शोभेल अशा शुद्ध भाषेत विचारलं. निळ्या खुणा दोन्ही आल्या, उत्तर शनिवारपर्यंत नाही. काकूंना वाईट वाटलं. त्यांनी सहावारी, नऊवारी, दोन्ही काढून ठेवल्या होत्या. नांदेडच्या वजिराबादेतल्या एखाद्या साडीवाल्यानं त्यांना उभं करावं आणि दिवसाचे पैसे द्यावेत. साठीच्या बाईच्या अंगावर साडी कशी बसते ते गिऱ्हाइकाला वीस वर्षांच्या पोरीवरून कळत नाही. पण पुन्हा शाल नको.

रविवारी औशाला गेलो तेव्हा मामांनाही हेच ऐकवलं. म्हटलं, कंपनीला लिहून द्या, पाच वर्षांचे पैसे मागा, नाही तर फ्लेक्स काढा म्हणावं.

"पैशाचं इचारलं तर पुढच्या साली दुसऱ्याचा फोटो लावतेत रे," मामा म्हणाले. "आन् त्या फोटोत धोतर मळकं दिसायलंय. काढायचाच तर नवा काढा म्हनाव."

तेवढ्यात फोन वाजला. पुसदकडचा कोणी होता, सोयाबीनवर उंटअळी पडली होती. मामा चहा तसाच ठेवून अंगणात गेले आणि वीस मिनिटं त्याला समजावत होते.

— रोजमेळकार