पान उलटून पाहा

या महिन्यात आलेल्या पत्रांतली दोन पत्रे आम्ही बाजूला काढून ठेवली होती. पहिले मिरजेच्या एका भगिनीचे. गॅलरीत सात-आठ कुंड्या आहेत: गुलाब, मोगरा, जास्वंद आणि दोन कुंड्या पुदिन्याच्या. पानांवर आधी बारीक पांढुरके ठिपके आले, मग पाने पिवळी पडून गळू लागली आणि आता शेंड्यांवर जाळी दिसते. दीरांनी झुरळांवर मारायचा फवारा आणून मारला, तरी फरक नाही. घरात रांगते बाळ आहे आणि पुदिना रोज चटणीला लागतो. दुसरे पत्र जुन्नर तालुक्यातल्या एका तरुणाचे. दहा गुंठ्यांचे पॉलिहाऊस, त्यात गुलाब, डोक्यावर बँकेचे कर्ज. दर चार दिवसांनी औषध बदलतो, औषधाचे बिल फुलांच्या पट्टीला गाठू लागले आहे आणि दुखणे मात्र हटत नाही.

एक कुंडीवाली, एक पॉलिहाऊसवाला. पण दोघांच्या पानांमागे बसलेला पाहुणा एकच आहे. त्याला आपल्याकडे लाल कोळी म्हणतात. म्हणून दोन्ही पत्रांचे उत्तर या वेळी एकत्र देत आहोत.

हा कीटक नव्हे

सगळ्या घोटाळ्याचे मूळ इथेच आहे. वर्गात मुलांना आपण शिकवतो की कीटकाला सहा पाय असतात आणि कोळ्याला आठ. हा जीव कोळ्याच्या गोतातला, आठ पायांचा. अंड्यातून नुकतेच बाहेर पडलेल्या पिल्लाला तेवढे सहा पाय असतात. म्हणून कीटकांसाठी बनवलेली बरीच औषधे त्याच्यावर चालतच नाहीत. झुरळाचा फवारा मिरजेत का वाया गेला, ते यावरून लक्षात येईल.

आकार जेमतेम अर्धा मिलिमीटर. नाव लाल असले तरी पुष्कळदा रंग पिवळसर हिरवा असतो आणि पाठीच्या दोन्ही अंगांना एकेक काळपट डाग दिसतो, म्हणून शास्त्रात त्याला दोन ठिपक्यांचा कोळी म्हणतात. तो पानाच्या खालच्या बाजूला राहतो, सुईसारख्या तोंडाने पानातली एकेक पेशी टोचतो आणि आतला हिरवा रस शोषून घेतो. रिकामी झालेली प्रत्येक पेशी वरून फिकट ठिपक्यासारखी दिसते. ठिपके एकमेकांना मिळाले की पान तांबूस, भाजल्यासारखे होते. जाळी दिसू लागते ती सर्वांत शेवटी. म्हणजे जाळी दिसली तेव्हा पाहुणा नवा नाही, बरेच दिवस मुक्कामाला आहे असे समजावे.

फळ्यावरचा हिशेब

आता थोडे गणित. हवा ३० अंशांच्या आसपास असेल तर अंडे सुमारे तीन दिवसांत फुटते आणि आठवडाभरात, फार तर आठ दिवसांत पिल्लाचा पूर्ण वाढलेला कोळी होतो. हवा २० अंशांवर असेल तर यालाच दोन आठवड्यांहून अधिक लागतात. एक मादी आयुष्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, आणि तिला नर भेटला नाही तरी ती अंडी घालते. त्या अंड्यांतून फक्त नर निपजतात.

आपण कंजूषपणे हिशेब करू. शंभरातली निम्मी अंडी-पिल्ले मेली आणि उरलेल्या पन्नासांत तीसच माद्या निघाल्या असे धरा. पहिल्या पिढीत ३०, दुसरीत ९००, तिसरीत २७,०००. उन्हाळ्यात या तीन पिढ्यांना दीड महिना पुरतो. मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबरच्या उन्हात ही पीडा का उसळते, याचे उत्तर या आकड्यांत आहे. कोरडी हवा आणि उष्णता त्याला मानवते. जोराचा पाऊस त्याला धुऊन काढतो, पण गॅलरीत, दिवाणखान्यात आणि पॉलिहाऊसच्या प्लास्टिकखाली तो पाऊस पोचतच नाही.

औषधाने वाढणारे दुखणे

कीटकनाशक लागू पडले नाही तर फार तर पैसे वाया गेले, असे कुणाला वाटेल. पण नुकसान त्याहून मोठे आहे. बागेत या कोळ्याला खाणारेही असतात: टाचणीच्या डोक्याएवढे काळे ढालकिडे, बारीक फुलकिडे आणि त्याच्याच जातीतले परभक्षी कोळी. सरसकट फवारणीत हे राखणदार आधी मरतात, आणि चोराला घर मोकळे मिळते.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एल्म झाडांना एका भुंग्यापासून वाचवण्यासाठी इमिडाक्लोप्रिड दिले गेले. झाडांवर कोळी मात्र उसळले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले की औषध दिलेल्या झाडांची पाने खाणाऱ्या माद्या जास्त अंडी घालत होत्या आणि त्यांना खाणाऱ्या मित्रकिडींना औषधाची बाधा होत होती. आपल्याकडे नर्सरीत मावा-तुडतुड्यांसाठी हेच औषध सर्रास हाती ठेवले जाते. कोळी आहे की मावा, हे पाहिल्याशिवाय ते वापरू नये.

दुसरी गोष्ट, हा जीव औषधाला फार लवकर सरावतो. पिढ्या भराभर होतात, त्यांतून विष पचवणारे वाचतात आणि पुढची फौज त्यांचीच असते. जगभरात मिळून ९० हून अधिक औषधी घटकांना या एका जातीने दाद न दिल्याची नोंद आहे.

ओळख पटवायची कशी?

पांढरा कागद घ्या, त्यावर संशयित पान धरून दोन-चार टिचक्या मारा. मिनिटभर थांबा. मिरीपुडीसारखे कण चालू लागले तर शंका फिटली. नुसती धूळ असेल तर ती चालत नाही! दहापट मोठे दाखवणारे भिंग स्टेशनरीच्या दुकानात मिळते. मुलांच्या हातात ते देऊन पानाची मागची बाजू दाखवा. गोल, मोत्यासारखी अंडी, सोडलेल्या पांढऱ्या काती आणि चालते कोळी एकाच पानावर दिसतात. पुस्तकातल्या धड्यापेक्षा हा धडा जास्त लक्षात राहतो.

घरच्या कुंड्यांसाठी

मिरजेच्या भगिनींनी आणि ज्यांच्या घरी अशीच लक्षणे आहेत त्यांनी पुढील क्रम धरावा.

१. बाधित कुंडी लगेच वेगळी करा. पानाला पान लागले की कोळी पलीकडे जातो. आपल्या बाहीवरून, ओढणीवरूनही जातो. म्हणून निरोगी कुंड्यांना पाणी आधी घाला, आजारी कुंडीला शेवटी.

२. फार खराब झालेली, जाळी धरलेली पाने व शेंडे कापून पिशवीत बांधून टाका. खताच्या खड्ड्यात नको.

३. पाण्याचा मारा द्या. कुंडीच्या मातीला प्लास्टिक बांधा, कुंडी आडवी करा आणि पानांच्या मागच्या बाजूवर जोराने पाणी सोडा. एक दिवसाआड तीन वेळा करा, तेही सकाळी, म्हणजे पाने दिवसा वाळतात. पुष्कळ घरांत एवढ्यावरच काम भागते.

४. तरी उरले तर एक लिटर पाण्यात एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, सौम्य पातळ साबण मिसळून फवारा. कपड्यांची पावडर वापरू नका, पाने करपतात. आधी एका पानावर मारून दोन दिवस पाहा. साबण अंगावर पडला तरच कोळी मरतो, म्हणून पानाची पाठ ओलीचिंब झाली पाहिजे. दोन तासांनी साध्या पाण्याने धुवा.

५. साबणाऐवजी निंबोळी अर्क चालेल. ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, पाणी घालून एक लिटर करा, चिमूटभर साबण घाला आणि संध्याकाळी फवारा. त्याच दिवशी बनवलेला अर्क त्याच दिवशी संपवा.

६. हे एकदा करून थांबू नका. अंडी फवारणीतून वाचतात आणि तीन-चार दिवसांनी फुटतात. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांच्या अंतराने तीन वेळा फवारले तरच साखळी तुटते. दोन फवारण्यांनंतर पाने चांगली दिसतात आणि तिसरी राहून जाते. पुन्हा सुरुवात तिथूनच होते.

पुदिन्याचे उत्तर वेगळे आहे. त्यावर काही मारत बसू नका. मातीपासून दोन बोटे ठेवून सगळा कापून टाका, कापलेला बांधून फेका, खुंट पाण्याने धुवा आणि कुंडी इतरांपासून दूर ठेवा. दोन-तीन आठवड्यांत कोवळा, स्वच्छ पुदिना फुटतो. जे ताटात येणार आहे आणि ज्याच्याजवळ बाळ रांगते आहे, त्याच्यावर झुरळांचे औषध कोणत्याही कारणाने मारू नये. ज्या पानांवर तो फवारा आधीच पडला आहे, ती खाऊ नयेत.

आणखी एक. तहानलेले आणि धुळीने माखलेले झाड कोळ्याला लवकर बळी पडते. युरियाचा जास्त डोस मिळालेले रसरशीत झाडही त्याला आवडते. पाणी वेळेवर, खत बेताने आणि पाने ओल्या फडक्याने पुसलेली, एवढे असले तर निम्मी काळजी मिटते.

पॉलिहाऊससाठी

जुन्नरच्या तरुण मित्राला आमचे पहिले सांगणे असे, की औषधाच्या दुकानात जाण्याआधी भिंग घेऊन बेडमध्ये जा. कोळी सगळीकडे एकदम येत नाही. कडेचे बेड, दाराजवळची आणि कोरडी राहणारी जागा, गुलाबाच्या वाकवलेल्या फांद्यांची खालची पाने, इथे तो आधी बसतो. आठवड्यातून एकदा ठरावीक झाडांची पाने उलटून पाहा, सापडेल तिथे रंगीत फीत बांधा आणि वहीत लिहा. फीत बांधलेल्या जागी लगेच उपाय केला तर सगळ्या दहा गुंठ्यांवर फवारायची वेळ बहुधा येत नाही.

बेडमधले तण काढा, कारण कोळी त्यावरही जगतो. छाटलेली पाने आत ढीग करून ठेवू नका. मजुरांनी काम स्वच्छ बेडपासून सुरू करून बाधित बेडवर संपवावे. वाकवलेल्या फांद्यांची पाने सकाळी खालून वर पाण्याच्या झोताने धुवावीत. संध्याकाळी धुतली तर रात्री ओल राहून बुरशी येते. दुपारच्या कोरड्या वेळी फॉगर थोडा-थोडा वेळ चालवावा.

औषध लागलेच तर ते कोळीनाशक असावे, आणि बदल नावाचा नव्हे तर गटाचा करावा. दोन कंपन्यांच्या दोन बाटल्यांत एकच घटक असू शकतो. अबामेक्टिन, हेक्सिथायाझॉक्स, स्पायरोमेसिफेन आणि फेनाझाक्विन हे चार वेगवेगळ्या गटांतले घटक आहेत. हेक्सिथायाझॉक्स अंडी आणि पिल्लांवर चालते, मोठ्या कोळ्यांना मारत नाही. अबामेक्टिन चालत्या कोळ्यांवर चालते. हे माहीत नसले की औषध खरे असूनही खोटे वाटते. मात्रा लेबलवरचीच घ्यावी. नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र तुमच्याच तालुक्यात आहे. चार बाधित पाने पिशवीत घालून तिथे दाखवा. डायकोफॉलची जुनी बाटली कोपऱ्यात असेल तर ती वापरू नका. २०१९ मध्ये ते स्टॉकहोम करारातील बंदीच्या यादीत गेले आणि २०२३ मध्ये आपल्या देशातही त्यावर बंदी आली.

बंद छताखाली फवारलेले विष आतच घुटमळते. फुले तोडायला येणाऱ्या बायाबापड्या उघड्या हातांनी त्याच पानांत शिरतात. त्यांना हातमोजे द्यायचे आणि लेबलवर सांगितलेला वेळ होईपर्यंत आत पाठवायचे नाही, ही मालकाची जबाबदारी आहे.

शत्रूच्या गोतातला मित्र

याच कोळ्याने एक मोठा बदलही घडवला. १९५८ साली चिलीहून जर्मनीत गेलेल्या ऑर्किडच्या झाडांबरोबर एक लहानसा नारिंगी परभक्षी कोळी नकळत पोचला. त्याचे नाव फायटोसियुलस पर्सिमिलिस. तो दिवसाला पाचेक मोठे लाल कोळी किंवा वीसेक अंडी फस्त करतो आणि पानांकडे ढुंकूनही पाहत नाही. नेदरलँड्समध्ये यान कॉपर्ट नावाचे काकडी पिकवणारे शेतकरी होते. त्यांना कीटकनाशकांचा त्रास होऊ लागला, म्हणून १९६७ च्या सुमारास त्यांनी आपल्या काचघरात हे परभक्षी कोळी सोडले. उपाय लागू पडला, आणि पुढे तोच त्यांच्या कुटुंबाचा व्यवसाय झाला. आज युरोपातल्या काचघरांत मित्रकिडी सोडणे ही नित्याची गोष्ट आहे.

आपल्या देशातही निओसियुलस लाँगिस्पिनोसस नावाचा असाच परभक्षी कोळी निसर्गतः आढळतो. भिंगातून पाहताना एखादा चपळ, भराभर धावणारा कोळी दिसला तर थांबा. लाल कोळी सहसा संथ असतो. धावणारा बहुधा तुमच्या बाजूचा असतो, त्याला जगू द्या.

दोन्ही पत्रांना आमचे उत्तर शेवटी एकच आहे. औषधाची बाटली उघडण्याआधी पान उलटून पाहा. शुक्रवारी सकाळी घर झाडून-पुसून होतेच. त्याच वेळी दहा मिनिटे कुंड्यांना द्या. सुरुवातीला दिसलेले दहा कोळी पाण्याने जातात. दीड महिन्यानंतरचे सत्तावीस हजार कशानेही सहज जात नाहीत.

पुढच्या महिन्यात जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाविषयी बोलू. त्याच्याबद्दलचीही पत्रे बरीच साठली आहेत.